पंचावन्नावं गाणं, छप्पन्नावं गाणं आणि मधली बारा वर्षं

माझं निम्मं आयुष्य गीतरामायण ऐकण्यात गेलं, आणि सीता मला भेटली ती या वैशाखात. मुळशी तालुक्यात, सासरच्या घरी, पडवीत, जात्यापाशी, दुपारी दीडच्या सुमाराला. तेव्हापासून भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. शेजारणीला सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितलं. आता तुम्हाला सांगते, कारण हे एकटीजवळ ठेवण्याजोगं नाहीच!

घरात पुतणीचं लग्न होतं. आमच्याकडे दळण गिरणीतून येतं, जातं वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतं. लग्न निघालं की ते धुऊन पडवीत आणायचं, खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा आणि हळद दळायची. त्या पाचांत मीही होते. गाणं मात्र आमच्यातल्या एकीलाही येत नव्हतं. ते म्हणत होत्या माझ्या चुलत सासूबाई, काकी. त्या विधवा, म्हणून जात्यापासून चार हात लांब, भिंतीला टेकून बसलेल्या. खुंट्याला हात आमचे, आवाज त्यांचा. त्या वेळी मला यात काहीच खटकलं नाही. आज लिहिताना खटकतं आहे.

हळद झाली, बायका पंगतीकडे गेल्या. दळून झालं की दगडांना हळद चिकटून राहते, ती निघावी म्हणून मूठ-दोन मूठ नाचणी भरडून काढतात. काकींना कुणी सांगितलं नव्हतं. त्या उठल्या आणि जात्यावर बसल्या. विधी संपला होता, आता त्यांच्या हाताला कुणाची आडकाठी नव्हती. मी जेवायला बोलवायला आले, तर त्या एका हातानं खुंटा फिरवत होत्या आणि स्वतःशीच गात होत्या. ते सकाळचं गाणं नव्हतं. सूर खालचा होता, जड होता. मी समोर बसले आणि खुंटा धरला. जातं हलकं झालं तसा त्यांचा आवाज मोकळा झाला.

त्या गात होत्या त्याचा अर्थ साधाच. अरण्यात कुणीतरी रडतंय. ती सीता आहे. आणि तिची समजूत घालायला बोरी आणि बाभळी बायका होऊन आल्या आहेत.

माझा हात थांबला. बोरी आणि बाभळी! संस्कृत काव्यातला अशोक नव्हे, कदंब नव्हे, फुलांनी लगडलेली वेल नव्हे. बांधावरची काटेरी झाडं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, जो तो पदर सांभाळून बाजूनं जातो, आणि वेळ आली की तोडून कुंपणाला घालतो. टाकून दिलेल्या बाईजवळ कोण येऊन बसेल? जिला कुणी जवळ करत नाही, तीच ना! दोन ओळींत हे सगळं. मी साहित्याची पदवी घेतलेली बाई. अशी प्रतिमा कुठल्या पुस्तकात भेटली असती तर मी तिच्याखाली दोनदा रेघ ओढली असती.

"काकी, ही सीता तुम्ही कुठं वाचली?"

"वाचाया येतंय कुणाला? दळता दळता गावली. आईच्या जात्यावर."

काकींनी नाचणीची पुढची मूठ घातली आणि पुढची ओवी उचलली. मी ताट वाढलं होतं हे विसरून गेले.

पुण्याला परत आले आणि पहिली गोष्ट केली ती गीतरामायण लावण्याची. आमच्या घरी रामनवमीला वडील कॅसेट लावत. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं झालं आणि मग वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. या छप्पन्न गाण्यांवर माझं आजही तितकंच प्रेम आहे. पण या वेळी मी शेवटाकडून ऐकायला लागले. पंचावन्नावं गाणं सीतेचं आहे. लक्ष्मण तिला वनात सोडायला आला आहे आणि आता मी कुठं जाऊ, असं ती त्याला विचारते आहे. छप्पन्नावं गाणं वाल्मीकींचं. ते लव-कुशांना रामायण गायला सांगत आहेत.

दोन गाणी. मध्ये काही सेकंदांची शांतता. मी ती शेकडो वेळा ऐकली असेल. आणि आता कुठं माझ्या लक्षात आलं, की त्या शांततेत बारा वर्षं गेली आहेत! पंचावन्नाव्यात पोटुशी बाई नदीकाठी एकटी उभी आहे आणि छप्पन्नाव्यात तिची मुलं रामायण गाण्याइतकी मोठी झाली आहेत. मध्ये बाळंतपण झालं, जुळ्यांना दूध पाजून झालं, रात्री जागून झाल्या, दात आले, ताप आले, पहिली पावलं पडली, बोबडे बोल शुद्ध झाले. याला एकही गाणं नाही. याचा दोष गदिमांना देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात जी कथा आली, तिच्यातच ही जागा रिकामी होती.

मग मी वाल्मीकिरामायणाचं मराठी भाषांतर काढलं आणि उत्तरकांड उघडलं. लक्ष्मण सीतेला गंगेपलीकडे सोडतो. ऋषिकुमार तिचं रडणं ऐकतात, वाल्मीकी येतात आणि तिला आश्रमातल्या तापसींच्या हवाली करतात. इथवर मला माहीत होतं. पण मुलं जन्माला येतात ती रात्र कुणाच्या बाजूनं सांगितली आहे माहीत आहे? शत्रुघ्नाच्या! तो लवणासुराला मारायला निघालेला असतो आणि योगायोगानं त्या रात्री आश्रमात मुक्कामाला असतो. मध्यरात्री त्याच्या कानावर बातमी येते, त्याला आनंद होतो, सकाळी तो पुढे निघतो, आणि कथाही त्याच्यामागून निघून जाते. बारा वर्षांनी तो परत त्याच आश्रमात येतो तेव्हा तिथे रामायण गायलं जात असतं. बाळंतिणीच्या खोपटात आपण पाऊलही टाकलेलं नसतं. पाहुणा गेला, त्याच्याबरोबर आपणही गेलो.

आणि काकी? काकी त्या खोपटात बसून होत्या. काकींची आई बसून होती. तिची आईही बसून होती. ओव्यांतल्या लहू-अंकुशांचा, म्हणजे लव-कुशांचा, जन्म पाहुण्याच्या कानावर आलेली बातमी म्हणून होत नाही. तिथे बाज आहे का, पाळणा आहे का, सुईण कुठली, अंगाई कोण गाणार, हे प्रश्न आहेत. कथाकारांनी जिथे पान उलटलं, नेमक्या तिथेच दळणाऱ्या बायांनी जातं मांडलं. हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरात एकटीच येरझारा घालत होते.

पुढचे काही महिने मी झपाटल्यासारखी ओव्या शोधत होते. माझ्या सासरच्याच मुळशीच्या डोंगरात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी बायांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती आणि ते काम वाढत वाढत हजाराहून अधिक गावांपर्यंत, एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोचलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. एक लाख! आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं त्यांतल्या पुष्कळ ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. बाईचं नाव, गावाचं नाव आणि कित्येकींचा आवाजसुद्धा. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जपल्या, सरोजिनी बाबर यांनी त्यासाठी आयुष्य दिलं, तारा भवाळकर यांनी त्यांतल्या सीतेचं मन उलगडून दाखवलं. सगळं मराठीत, माझ्या भाषेत, माझ्या हाताच्या अंतरावर. आणि मी साहित्य म्हणून फक्त छापील कविता वाचत होते.

त्या शोधात दोन गोष्टी अशा सापडल्या की अजून मनातून हलत नाहीत.

पहिली सासुरवासाची. ओव्यांमध्ये सीतेचा छळ करते कैकेयी, आणि ती तिथे राणी नसते, सासू असते. राजवाड्याचं कारस्थान चुलीपाशी येऊन बसतं. आणि मग ओवी म्हणते, की सीतेला जो सासुरवास झाला तो इतका होता, की तिनं त्याचे वाटे केले आणि देशोदेशीच्या बायांना वाटून दिले. मी हे ऐकलं आणि काकींचे हात आठवले. आपल्या वाट्याला जे आलं ते सीतेच्या ढिगातलं आहे, असं त्या बाईला वाटतं. ती सीतेला देव्हाऱ्यात बसवून दुरून नमस्कार करत नाही. दोघींचा हिस्सा एकाच वाटणीतला आहे. एखाद्या ग्रंथातल्या पात्राशी वाचकाचं याहून जवळचं नातं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

दुसरी रावणाच्या अंगठ्याची. सीतेवर संशय का आला? धोब्यामुळे, असं आपण सगळे म्हणतो. पण वाल्मीकींच्या उत्तरकांडात धोबी नाहीच. तिथे भद्र नावाचा माणूस लोक काय बोलतात ते रामाच्या कानावर घालतो. धोबी नंतरच्या कथांतून आला. बायांनी तर वेगळीच गोष्ट सांगितली. कैकेयी सीतेला म्हणते, रावण कसा दिसत होता ते काढून दाखव. सीतेनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलंच नाही, तिला ठाऊक आहे फक्त पायाचा अंगठा. ती भिंतीवर तेवढा अंगठा काढते. बाकीचा रावण कैकेयी पुरा करते, आणि मग रामाला बोलावते. बघा, आपल्याशी हे किती वेळा झालेलं असतं! आपण अंगठ्याएवढं बोलतो, आणि कुणीतरी त्यातून अख्खा रावण उभा करतं.

हे आपल्या महाराष्ट्रातल्या बायांच्या डोक्यातून निघालं, म्हणून माझी मान ताठ झाली होती. तेवढ्यात कळलं, की तेलुगू बायांच्या गाण्यातही सीता रावणाचा अंगठाच काढते, तिथे काढायला लावणारी आहे वेष बदलून आलेली शूर्पणखा. आणि पूर्व बंगालात, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंहच्या भागात, सोळाव्या शतकात चंद्रावती नावाच्या कवयित्रीनं बंगालीत रामायण रचलं, त्यात कैकेयीची मुलगी कुकुया सीतेकडून पंख्यावर रावणाचं चित्र काढून घेते. चंद्रावतीचं रामायण सीतेच्या बाजूनं चालतं, रामाच्या पराक्रमाला तिथे फार जागाच नाही. मुळशीतली दळणारी बाई, आंध्रातली गाणारी बाई आणि बंगालातली कवयित्री. एकमेकींची भाषा त्यांना कळली नसती, पण सीता तिघींना सारखीच कळली. मी नकाशा काढून तिन्ही ठिकाणांवर बोट ठेवून बघितलं. अंगावर काटा आला.

आता कुणी म्हणेल, यात रामाला कमीपणा येतो. मीही हा प्रश्न काकींना विचारला. जरा भीतभीतच. त्यांना तो कळलाच नाही. कारण दळायला बसल्यावर त्यांची पहिली ओवी देवाची असते आणि त्या देवांत राम असतोच. रामावर त्यांच्याकडे इतक्या ओव्या आहेत, की ऐकता ऐकता दळण सरेल. ज्या तोंडानं त्या रामाचं नाव घेतात, त्याच तोंडानं सीतेच्या वनवासाचा जाब मागतात, आणि त्यांना यात कुठं फट दिसत नाही. घरातला माणूस चुकला तर त्याला चुकला म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच्यासाठी भाकरीही थापायची, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं आहे. रामाला त्या परका मानत नाहीत, म्हणूनच त्याला विचारतात.

आणि ओवी हा प्रकार तरी कुणाचा? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात. ज्ञानेश्वरी झाली १२९० मध्ये. म्हणजे ज्ञानदेवांनी गीतेला मराठीत आणण्यासाठी जो छंद निवडला, तो त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी उखळापाशी बसलेल्या बायांच्या तोंडी होता! शाळेत मला ओवी शिकवली ती ज्ञानेश्वरीपासून. कुणीतरी एकदा तरी उखळापासून सुरुवात करायला हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रावेरीला जाऊन आले. तिथे सीतेचं देऊळ आहे. सीतेचं एकटीचं, राम शेजारी नाही. गावची कथा अशी, की टाकलेल्या सीतेनं लव-कुशांसाठी गावात मूठभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, आणि तिनं शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी शेतकरी संघटनेचे शरद जोशी उभे राहिले. ज्यांनी शेतकरी बाईच्या नावावर जमीन व्हावी म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यांना हे देऊळ आपलं वाटावं, याचं नवल नाही. त्या गाभाऱ्यात उभी राहून मी एवढाच विचार करत होते, की या गावानं 'आम्ही नाही म्हणालो' ही गोष्ट शतकानुशतकं स्वतःच स्वतःविरुद्ध जपून ठेवली आहे. लेखी इतिहासात एवढा प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो.

या सगळ्यानं माझ्यात काय बदललं? आता कुठलंही पुस्तक उघडलं की मी आधी बघते, की ही गोष्ट सांगणारा कुठं बसला आहे. आणि मग बघते, की त्याला तिथून काय दिसणार नाही. घोड्यावरून निघालेल्याला बाळंतिणीचं खोपट दिसत नाही. सिंहासनावरून बोरी-बाभळी दिसत नाहीत. परवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली. लहानपणी ती मी रेव्हरंड टिळक या मोठ्या कवीच्या आठवणी म्हणून वाचली होती. आता दर पानाला लक्षात येतं, की कवी घराबाहेर गेला तेव्हा घरात कोण होतं, हे सांगणारं ते पुस्तक आहे. टिळकांच्या कविता त्यामुळे लहान झाल्या नाहीत. उलट त्या कुणाच्या जीवावर लिहिल्या गेल्या, हे कळल्यावर मी त्या जास्त सावकाश वाचते.

गीतरामायणाचंही तसंच झालं. ते माझ्यासाठी आटलं नाही, वाढलं. आता पहिलं गाणं लागतं, लव-कुश रामासमोर उभे राहून गाऊ लागतात, आणि मला पहिल्यांदा ऐकू येतं, की हे गळे सीतेनं वाढवलेले आहेत. कथा वाल्मीकींनी दिली असेल, सूर कुठून आला? ज्या बाईला राज्यातून काढलं, तिची मुलं त्या राज्याची गोष्ट भर सभेत गात आहेत. इतकी वर्षं हे माझ्यासमोर होतं. ते ऐकायला काकींच्या समोर बसून खुंटा धरावा लागला.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुढच्या रामनवमीला गीतरामायण लावाल तेव्हा पंचावन्नावं गाणं संपल्यावर यंत्र बंद करा. बारा वर्षांसाठी दोन मिनिटं तरी थांबा. आणि घरात, शेजारात, गावाकडे ऐंशीच्या घरातली एखादी बाई असेल, तर तिच्यासमोर बसा आणि विचारा, तुम्हाला सीता कशी गावली? ती आधी "मला काय येतंय" म्हणेल. उठू नका. भरलेलं सूप पुढे करा, नाहीतर नुसता हात पुढे करा. ती म्हणू लागली की तिचा आवाज फोनवर उतरवून घ्या, खाली तिचं नाव आणि गाव लिहा. गिरणी आली तेव्हा हातांना आराम मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्या बायांनी दळताना गायलं, त्यांच्यातल्या शेवटच्या आज आपल्यात आहेत.

काकींच्या आजवर एकशे बारा ओव्या मी उतरवल्या आहेत. माघात घरात आणखी एक लग्न आहे. जातं पडवीत येईल, हळकुंड बांधलं जाईल, आणि खुंट्याला पहिला हात काकींचा लागेल. घरातल्या सगळ्या बायांनी मिळून तसं ठरवलं आहे.